लाल अधिक हिरवा

हारिकानं शनिवारी कामावरून एक डबडं आणलं,
डोळ्यांवर बांधायचं.
सात रस्त्याजवळ ती जिथं कामाला आहे
तिथं पोरं शंभर रुपये देऊन
वीस मिनिटं हवेत हात मारतात.
"नान्ना, तुम्ही बघा एकदा. फुकट आहे."
तिची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.
ती म्हणाली, ह्यांना घरातलं दिसत नाही,
त्यातलं काय दिसणार.

बांधलं.
विडी घरकुलातली आमची खोली गेली.
पंखा गेला, बालाजीचा फोटो गेला,
आणि अंधार आला. मोठा, गार,
एप्रिलात सोलापुरात मिळत नाही तसला.

भिंतीत तीन भोकं.
एकातून लाल, एकातून हिरवा, एकातून निळा,
उजेड निघालेला सरळ,
ताण्याच्या दोऱ्यासारखा ताठ.
मध्ये अधांतरी आरसे,
हात लावला की फिरणारे.
समोर दार, दारावर एक चकती.
"तिच्यावर पिवळा पाडा," हारिका बाहेरून.
पिवळा कुठाय?
"करायचा."

एकतीस वर्षं झाली मला
अक्कलकोट रोडच्या रंगखान्यात,
आणि ही मला पिवळा करायला सांगते.
पिवळा होत नसतो, बाई. पिवळा असतो.
तो डब्यातून येतो, उधारीवर येतो.
लाल नि हिरवा एका टबात पडले तर काय होतं
ते मला विचार.
चिखल होतो.
बासष्ट किलो लड्या, दिवाळी आठ दिवसांवर,
आणि मल्लय्या उस्ताद सगळ्यांदेखत
माझ्या बोटांकडे बघत होता, तोंडाकडे नाही.

तरी फिरवला आरसा.
लाल वळला, थोडा चुकला, परत वळला,
हिरव्यावर जाऊन पडला
आणि पडला तिथं पिवळा.
हळद फोडल्यासारखा.
मी हात मागं घेतला. पिवळा गेला.
लावला. आला.
ना हायड्रोस, ना कॉस्टिक, ना उकळी.
मनगटापर्यंत हात घातला उजेडात,
बाहेर काढला,
काहीच लागलेलं नव्हतं.

पुढच्या खोलीत तिन्ही एकत्र.
हे मला माहीत होतं. तिन्ही म्हणजे काळा.
शनिवारी उरलेसुरले टब ओततो आम्ही
तेव्हा गटारातून जातो तो काळा.
आरसा जुळवायला वाकलो तर हात सुपावर बसला,
तंबाखू सांडली,
बायकोनं तेलुगूत माझ्या आज्यापर्यंत सगळ्यांना आठवलं,
आणि तेवढ्यात
पांढरा झाला.

कोऱ्या सुताचा पांढरा.
सकाळी टेम्पोतून उतरतो
आणि संध्याकाळी कुठंच नसतो तो.
मी त्याला रोज घालवत आलोय.
परत आणायचं कुणी कधी सांगितलं नाही,
मजुरीत ते बसत नाही.
"नान्ना, दार उघडलंय. पुढं चला."
चलतो की.
थांब जरा.

सोमवारी इक्बालला सांगितलं.
त्यानं लडी पिळता पिळता ऐकलं,
मग म्हणाला, ते उजेडाचं असंल.
आपलं पाण्याचं आहे.

दुपारी जेवायला बसलो बॉयलरच्या मागं.
पत्र्याला एक भोक आहे,
पावसाळ्यात मी तिथं बादली ठेवतो.
त्यातून ऊन उतरलेलं, वाफेत काठीसारखं उभं.
भाकरी मोडून झाली होती, चटणी संपली होती.
डब्याचं झाकण पुसलं लुंगीला
आणि धरलं खाली.

ऊन वळलं.
टबांवरून गेलं, वाळत घातलेल्या हिरव्यावरून,
मुकादमाच्या मानेवर जाऊन बसलं.
"कोण बे त्ये?"
इक्बाल खाली बघून हसायला लागला.
मी झाकण हलवलं नाही.
नंतर थोडंसं हलवलं,
डावीकडं,
लाल लड्या टांगल्या होत्या तिकडं.